वरून जंगल, खालून बाग

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे ही ठीक आहे, मुलं ठीक आहेत, आणि माझं काय ते पुढे सविस्तर येईलच. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून तू डॉक्टरांकडे जायचंच बंद केलंस, कारण त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे, हे वाचून मी हिला म्हटलं, बघ, आमच्या घराण्यात सांगितलेलं कसं ऐकतात. काकांना हल्ली ऐकू कमी येतं हे वाचून वाईट वाटलं. पण तुझ्या पत्राचा एकंदर सूर पाहता खुद्द काकांना त्याचं फारसं वाईट वाटत नसावं.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण कोको. हसू नकोस. मी चॉकलेटच्या कारखान्यात दिवसभर चॉकलेट खातो आणि त्याचा पगार घेतो, अशी तुझी पहिल्यापासून समजूत आहे. मी खरेदीखात्यात आहे. चॉकलेट करतात ते दुसऱ्या इमारतीत, आणि तिथला पहारेकरी मला आत सोडत नाही. माझ्या वाट्याला येतात ती कोकोच्या बियांची पोती, त्यांचा आंबूस वास आणि ती पाठवणारे दलाल. तर झालं असं की समुद्रापलीकडच्या आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, जंगल तोडून लावलेला कोको यापुढे आम्हाला नको. एक तारीख ठरवून दिली. त्या तारखेनंतर जिथे रान तोडलं गेलं असेल तिथली एक बीसुद्धा सापडली, तर सगळा सौदा रद्द. आता यात वावगं काहीच नाही. आपण गोड खायचं म्हणून कुठेतरी डोंगरच्या डोंगर भादरले जातात, हे थांबायलाच हवं. (हिला तर ते इतकं पटलं की येता-जाता कुंपणाची पानं खुडणाऱ्या शेजारणीशी तिने बोलणं टाकलं. शेजारणीला कारण अजून कळलेलं नाही. ती मला विचारते. मी घाईत आहे असं दाखवतो.)

आमच्या मालकांनी सगळ्यांना हॉलमध्ये जमवलं आणि टेबलावर उभं राहून जंगल वाचवण्याची शपथ घेतली. (टेबल आवेशापोटी नव्हे, उंचीपोटी.) मग खाली उतरून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “प्रत्येक पोत्याला विचारा, तू कुठून आलंस.” मी म्हटलं, “मालक, पोती बोलत नाहीत.” ते म्हणाले, “मग तुम्हाला ठेवलंय कशाला?” म्हणून मी जाऊन दलालाला विचारलं. दलाल म्हणाला, मी वखारीतून घेतो. वखारवाला म्हणाला, मी अडत्याकडून घेतो. अडत्या म्हणाला, माल वरून येतो. वरून म्हणजे कुठून, तर त्याने नुसता हात वर केला. मी घाबरून आकाशाकडे पाहिलं. पण त्याचा रोख डोंगराकडे होता.

आकाशाकडे बघायला मालकांनी एक हुशार मुलगी नेमली. तिला सगळे नकाशावाली म्हणतात. तिच्या पडद्यावर उपग्रहाने काढलेली चित्रं येतात. हिरवं म्हणजे जंगल, पिवळं म्हणजे शेत, आणि हिरव्यात कुणी कोको पिकवत असेल तर ते लाल. आमचा बहुतेक माल येतो तो डोंगर असा लालभडक झाला होता की मला पाहूनच घाम फुटला. शेजारचा डोंगर मात्र पिवळाधमक, एक डाग नाही. मालक म्हणाले, जा आणि डोळ्यांनी बघून या. लाल खरा निघाला तर त्या डोंगराचं नाव काढायचं नाही.

गेलो. बसने गेलो, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत शेळ्यांबरोबर गेलो. (त्यातल्या एकीने माझ्या ओळखपत्राचा फोटोकडचा भाग खाल्ला. आता त्यावर फक्त हुद्दा आहे.) आधी पिवळ्या डोंगरावर उतरलो. तिथल्या बागायतदारांना मी मनातल्या मनात सफाचटराव नाव दिलं, कारण त्यांचा डोंगर आणि त्यांचं डोकं एकाच वस्ताऱ्याने केल्यासारखं. जिकडे बघावं तिकडे उन्हात कोकोची झाडं कवायतीला उभी. वर सावली नाही, पाखरू नाही, माशीसुद्धा टोपी घालून फिरत असावी. मी विचारलं, इथे पूर्वी काय होतं? म्हणाले, रान होतं, वडिलांनी काढलं, तुमच्या त्या तारखेच्या कितीतरी आधी. मग छाती फुगवून म्हणाले, “आमच्याकडे जंगलतोड शून्य! तोडायला ठेवलंयच काय?” मी वहीत ‘स्वच्छ’ असं लिहिलं आणि आत्या, लिहिताना पेन अडखळलं गं.

मग लाल डोंगरावर गेलो. तिथे शिरलो आणि एकदम गार वाटलं, तळघरात उतरल्यासारखं. वर दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं, त्यांच्या सावलीत कोको, कोकोच्या खोडांना लटकलेली पिवळी-तांबडी फळं, आणि मधून आकडीची काठी घेऊन एक बाई येत होत्या, त्यांच्या आधी त्यांचा आवाज येत होता. सगळा डोंगर त्यांना थोरली म्हणतो. वयाने थोरल्या आहेतच, पण मला वाटतं आवाजामुळे म्हणत असावेत. मी त्यांना येण्याचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, कोकोला सावली मानवते म्हणून त्यांच्या आजेसासऱ्यांपासून कुणी वरच्या झाडांना हात लावलेला नाही. मी म्हटलं, नेमकी तीच झाडं वरून दिसतात, म्हणून उपग्रहाला वाटतं की हे जंगल आहे आणि तुम्ही जंगलात घुसला आहात.

“त्याला म्हणावं, खाली येऊन बघ,” थोरली म्हणाल्या.

“तो खाली येत नाही, बाई.”

“मग वर बसून न्याय कसला करतो? आमचे सासरेही माडीवर बसून असाच न्याय करायचे. पण जेवायला तरी खाली यायचे.”

मी तिथूनच नकाशावालीला फोन लावला. ती म्हणाली, सर, झाडं थोडी विरळ केली तर बाग दिसेल. मी म्हटलं, पण झाड तोडलं तर? म्हणाली, तर जंगलतोड, म्हणजे लाल. आणि नाही तोडलं तर? म्हणाली, लालच आहे. मग ती बारीक आवाजात म्हणाली, “सर, मी फक्त रंग सांगते.”

आता यापुढची कल्पना माझी आहे, आणि तिचं श्रेय मी कुणाला देणार नाही. (कुणी मागितलेलंही नाही.) मला वाटलं, इथे माणसांचा वावर आहे हे वरून दिसलं की काम झालं. आणि वावराची खूण म्हणजे वाळत घातलेले कपडे. झाडांच्या शेंड्यांवर पांढऱ्या चादरी पसरायच्या, म्हणजे उपग्रह म्हणेल, अरे, इथे तर लोक राहतात, हे रान कसलं! मी घरी जाऊन हिच्या कपाटातल्या चादरी आणल्या, (तू लग्नात दिलेली, कडेला फुलं विणलेली सुद्धा, हिला कळवू नकोस, ती धोब्याला दोष देते आहे) डोंगरावरच्या बायकांनी आपापल्या काढल्या, आणि थोरलींच्या सुना माकडांना लाजवतील अशा सरसर चढून चादरी पसरून आल्या. मी खालून सूचना देत होतो. डावीकडे घ्या, सुरकुती काढा, वगैरे. काम असं देखणं झालं की मला वाटलं, उपग्रह थबकून पुन्हा एकदा बघेल.

त्याने बघितलं. पुढच्या चित्रात नकाशावालीच्या पडद्यावर डोंगरभर छपरं उमटली. शेरा असा, की जंगल तोडून या ठिकाणी मोठी वस्ती वसवण्यात आली आहे.

मालकांचा फोन आला तेव्हा मी तो हातभर लांब धरला होता, तरी शेळ्या पांगल्या. पण गोष्ट तिथे थांबली नाही. ते चित्र कुठून कुठे गेलं कोण जाणे, चारच दिवसांत घरपट्टीवाले साहेब टेप घेऊन हजर झाले. छपरं मोजायला आलो म्हणाले. थोरलींनी त्यांना वर बोट दाखवलं. साहेबांनी मान वर केली, बराच वेळ वर बघितलं, आणि मग विचारलं, “तळमजला कुठाय?” त्यांच्या पाठोपाठ एसटीसारखी एक तांबडी बस धुरळा उडवत आली. ड्रायव्हर म्हणाला, नव्या वस्तीसाठी नवी फेरी मंजूर झाली आहे, थांब्याचा खांब कुठे रोवू? त्याला परत पाठवायला लागलो तर थोरलींनी माझा दंड धरला. “गप बसा. इतकी वर्षं अर्ज करत होतो, बस आली नाही. चादरी वाळत घातल्या तर आली. खांब रोवू दे त्याला.” खांब रोवला गेला.

इथवर गंमत. पण आत्या, मालकांचा निरोप आला की त्या डोंगराचा माल बंद, यापुढे सगळी खरेदी सफाचटरावांकडून. आणि दारोदार बिया वाळत पडलेल्या होत्या. हवा दमट झाली की त्यांना बुरशी धरते, मग त्या कुणी फुकटही नेत नाही. मी हे अंगणात उभं राहून सांगितलं तेव्हा थोरलींनी बियांवरून नुसता हात फिरवला. बोलले ते त्यांचे धाकटे दीर. पायरीवर बसून ते करवतीला धार लावत होते. म्हणाले, “वहिनी, सरळ हिशोब आहे. झाडं ठेवली तर चोर, नाही ठेवली तर साव. पलीकडच्याच्या बापाने डोंगर तासला, तो आज स्वच्छ. आपणही तासू. दहा वर्षं शिव्या खाऊ, मग आपणही स्वच्छ.” आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. थोरली उठल्या आणि सगळ्यात जुन्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसल्या. भांडल्या नाहीत. आकडीची काठी मांडीवर आडवी घेऊन नुसत्या बसल्या. दीर करवत हातात धरून उभे, ना पुढे येत ना मागे जात. आणि मला कळेना की जंगल वाचवायला निघालेल्या माणसामुळे हे काय होऊन बसलं.

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, गिऱ्हाइकाच्या तपासनिसांना मी इथे, या अंगणात आणून उभं करतो, तोवर करवत बाजूला ठेवा. (छातीवर हात आवेशाने ठेवला नव्हता. खिशात मालकांचा फोन थरथरत होता. पण परिणाम चांगला झाला, आणि फोनही बंद झाला.)

तपासनीस आले ते थेट सफाचटरावांकडे. स्वच्छ बाग तपासून शिक्का मारायचा एवढंच त्यांचं काम होतं. बारीक, गंभीर गृहस्थ, भाषा आपली बोलतात पण प्रत्येक शब्द आधी तपासून मग तोंडाबाहेर काढतात. सफाचटरावांनी त्यांना भर दुपारी ओळीन् ओळ फिरवली. मी गेलो तेव्हा त्यांच्या नाकाचं साल निघालं होतं आणि ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे होते. टाकी अरुंद होती, त्यामुळे ते आडवे उभे होते. मी एवढंच म्हटलं, “साहेब, पलीकडे सावली आहे, आणि बस जाते.” त्यांनी कुठली, कशाची, काही विचारलं नाही. बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर ओरडला, “नवी वस्ती!” साहेब उतरले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, “वस्ती कुठे आहे?” थोरली म्हणाल्या, “वाळली की काढून घेऊ. तुम्ही बसा.”

साहेब बसले. मग टेकले. मग आडवे झाले. आणि बघता बघता असे घोरायला लागले की घरपट्टीवाले साहेब (ते अजून तळमजला शोधत होते) चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी हिंडू लागले. सगळा डोंगर, दीर धरून, त्या झोपेभोवती गोल करून बसला. सौदा होणार की मोडणार ते एका माणसाच्या घोरण्यावर ठरणार होतं, आणि त्यात मधेच खंड पडला की सगळ्यांचा श्वास अडकायचा. संध्याकाळच्या सुमाराला ते जागे झाले, पोटावर पडलेलं पान उचललं, वर पाहिलं, उठले आणि एकटेच बागेत शिरले. दिसेनासे झाले. परत आले तेव्हा बुटांना चिखल, टोपीत कोकोचं फळ, आणि कानाला फोन. नकाशाचे रंग ठरवणाऱ्या कंपनीशी बोलत होते. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती.

“हो, मी जंगलात उभा आहे... हो, कोकोपण आहे... नाही, कुणी काही तोडलेलं नाही, मी बुंधे पाहिले, माझ्या आजोबांपेक्षा म्हातारे आहेत... नाही, वस्ती नाही, चादरी आहेत... चादरी... पलंगावरच्या!... कारण तुमचा रंग चुकतोय म्हणून!... मग नवा रंग काढा!”

आणि काढला गं. नकाशात आता चौथा रंग आहे, पोपटी. वरून जंगल आणि खालून बाग असेल तिथे पोपटी. थोरलींच्या डोंगरावरची पोती बुरशी धरायच्या आत आमच्या फाटकात आली. मी स्वतः उतरवून घेतली. दिरांनी करवत पुन्हा पायरीखाली सरकवून ठेवली. थोरली म्हणतात, पायरीखालीच बरी, तिथे गंजते. पोपटी मालाला गिऱ्हाइकाकडे मान जास्त आहे म्हटल्यावर सफाचटरावांनी डोंगरभर हिरव्या छत्र्या रोवल्या. त्या पहिल्याच वावटळीत उडाल्या आणि थोरलींच्या झाडांना अडकल्या. परत मागायला आले तेव्हा थोरलींनी छत्र्या दिल्याच, वर सावलीच्या झाडांची रोपंही दिली, पण आधी आपल्यासमोर त्यांना पाणी घालायला लावलं. रोपांना पाणी कशाने घालतात तेच सफाचटरावांना माहीत नव्हतं.

मालकांना आनंद मावेना. त्यांनी पुन्हा टेबल मागवलं, वर उभे राहिले आणि जाहीर केलं की जंगल वाचवण्याच्या खात्यासाठी कारखान्यामागे भव्य इमारत बांधायची, नाव ‘वनरक्षण भवन’. कारखान्यामागे, माल उतरवायच्या चौकात, जुन्या झाडांची रांग आहे. हमाल तिथेच जेवतात. मी हळूच विचारलं, मालक, ती झाडं? म्हणाले, “अहो, ते जंगल नाही, ती आडवी आलेली झाडं आहेत.” नकाशावालीने पडदा त्यांच्याकडे फिरवून दाखवलं की हे तोडलं तर सगळ्या माल-साखळीत एकमेव लाल ठिपका उमटेल तो आपल्या पत्त्यावर. मालक म्हणाले, “मग तो पुसा.” ती म्हणाली, तो पुसला जात नाही. मालक म्हणाले, मग तुम्हाला ठेवलंय कशाला? आत्या, हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं होतं. मी मालकांना नम्रपणे, पण ठाम विरोध केला आहे. पुढे नोकरीचं जे व्हायचं ते होवो. तुझे आशीर्वाद असू देत. काकांना नमस्कार, जरा मोठ्याने सांग.

तुझा (हे लिहीपर्यंत तरी कामावर असलेला)
भाचा

ता. क. – नम्र विरोध म्हणजे मी झाडावर चढून बसलो आहे. हे पत्र तिथूनच लिहितो आहे. हमाल टाळ्या वाजवतात, ही दोरीने डबा पाठवते, आणि मालक खाली खुर्ची टाकून बसले आहेत. पत्र रिकाम्या डब्यातून खाली सोडतो, ही टपालात टाकेल.

ता. क. २ – आता मुख्य काम. आमचे मालक चौथीत तुझ्या हाताखाली शिकले हे मला परवाच कळलं. मी सहज तुझं नाव घेतलं तर त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. तेव्हा तू ताबडतोब यावंस आणि तो कान पुन्हा एकदा धरावास. झाडांचा प्रश्न आहे.

ता. क. ३ – कानाचं राहू दे. डबा अजून खाली सोडलेला नव्हता म्हणून लिहितो. मालक आज सकाळीच कबूल झाले. भवन रद्द, झाडं राहणार, लेखीसुद्धा दिलं आणि ते दोरीने वर पाठवलं. अडचण वेगळीच आहे. मला चढता आलं, उतरता येत नाही. आयुष्यात झाडावर पहिल्यांदाच चढलो, आणि खाली बघितलं की पाय माझे राहत नाहीत. खाली सगळ्यांना वाटतं, मी आणखी काही मोठं मागतो आहे. मालकांनी घाबरून हमालांना जेवायला नवी बाकं दिली, पहारेकऱ्याने मला चॉकलेटच्या इमारतीत सोडायचं कबूल केलं. आता काय नाकारायचं ते सुचत नाही. पोती घेऊन आलेल्या थोरली म्हणाल्या, पाठंगुळी घेऊन उतरवते. एवढ्या लोकांसमोर! मी त्यांना सांगितलं, मी विचार करतो आहे. तेव्हा आत्या, तू ये. खाली उभी राहा, कमरेवर हात ठेव आणि लहानपणी द्यायचीस तशी हाक दे, “उतर खाली, गाढवा!” म्हणजे वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवला नाही म्हणून उतरलो असं होईल, आणि कुणीतरी शिडी लावेलच. फक्त ‘गाढवा’ जरा जोरात म्हण. इथे वर वारा फार आहे.